कच्चा टाका

दुसरीतल्या पोरीला शाळेतून कसला अभ्यास मिळाला होता ते सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, ही बाई काहीतरी भलतंच ऐकून आलीय. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या संध्याकाळी मी भाजी आणि अंडी घेऊन भावाच्या घरी गेले. दार लोटलं, तर माझा धाकटा भाऊ शिलाई मशीनच्या पायाशी आडवा पडलेला. तोंड फरशीला, एक हात अंगाखाली. त्याची पोरगी शेजारी गुडघे टेकून बसली होती आणि त्याचा खांदा गदागदा हलवत होती. "बाबा, ऐकू येतंय का? बाबा, डोळे उघडा!"

माझ्या हातातली पिशवी सुटली. अंड्यांचं काय झालं ते सांगायला नको. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावर कुणाची तरी बशी फुटली म्हणे. आणि तेवढ्यात त्या पडलेल्या माणसाने एक डोळा उघडला.

"ताई, मध्ये बोलू नकोस ना," तो म्हणाला. "तिचा अभ्यास चाललाय."

"अभ्यास?" मी अंड्यांकडे बघत म्हणाले. "मेल्या, हा काय अभ्यास झाला?"

"बाईंनी दिलाय," पोरगी म्हणाली. "घरात कोणी पडलं तर काय करायचं. रोज सराव करायचा."

मी तोंडात बोट घातलं ते तेव्हा. आमच्या वेळी दुसरीत पाढे असायचे, जोडाक्षरं असायची, फार तर पाखरांची नावं. हिला पाढे होतेच, घड्याळ वाचणंही होतं, रस्ता ओलांडायचा सरावही होऊन गेला होता. आणि आता हे. बाप पडला तर काय करायचं ते सात वर्षांच्या पोरीने पाठ करायचं! असलं अभद्र मनात तरी कसं येतं या मास्तरणींच्या, असं मी तिथेच फरशी पुसता पुसता बोलून दाखवलं. भाऊ हसत होता. त्याला हसायला काहीही पुरतं.

या भावाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. तो शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढची दुकानाची, मागची घराची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच तो बोलतो, आणि गिऱ्हाइकांना ते सवयीने कळतं. पोरीला सगळे बटण म्हणतात, कारण ती जन्मली तेव्हा तो म्हणाला होता, "ही काय, कोटाच्या बटणाएवढी!" तेच चिकटलं. भावजय हातमोज्यांच्या कारखान्यात दुपारपाळीला जाते, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. मी पलीकडच्या गल्लीत राहते, एकटीच असते, आणि या घरात माझं कोणी ऐकत नाही तरी मी बोलते.

मास्तरचं सगळं आयुष्य कच्च्या टाक्यावर चाललेलं. कपडा आधी कच्च्या टाक्याने जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचा, मग पक्की शिलाई. यात नवल नाही, चांगला शिंपी हेच करतो. पण हा कपड्यापुरता थांबला नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हा सासरच्या घरापर्यंत एकदा नुसता चालून आला होता, वाटेत कुठे ठेच लागते ते बघायला. बटण शाळेत जायची होती, तर आदल्या रविवारी हा तिला दप्तरासकट बंद शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन परत घेऊन आला. पहारेकऱ्याने विचारलं, आज काय काम? तर म्हणे, ट्रायल. असा माणूस. त्याच्या हाती हा शाळेचा अभ्यास पडला, म्हणजे आयतंच मिळालं.

बाईंनी वर्गात शिकवलं होतं ते साधंच होतं. पडलेल्या माणसाला हलवून हाक मारायची. मग फोन करून आपण कोण, कुठे राहतो, काय झालंय ते सांगायचं. मग शेजारची दारं ठोठावायची. मग आपलं दार उघडं ठेवून माणसाजवळ बसून राहायचं. खरा फोन लावू नका, खोटा घ्या, असंही बाईंनी सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. घरात खेळण्यातला फोन नव्हता, म्हणून मास्तरने खडूची डबी दिली. कापडावर खुणा करायच्या खडूची, चपटी पत्र्याची डबी. बटण ती कानाला लावायची आणि पत्ता घडाघडा सांगायची.

दारांचा सरावही हवा म्हणून मास्तर स्वतः शेजाऱ्यांशी बोलून आला. समोरच्या दारात चष्मेवाले काका, त्यांचं चष्म्यांचं दुकान दुपारपासून संध्याकाळपर्यंत बंद असतं तेव्हा ते घरी असतात. खालच्या मजल्यावर वकीलसाहेब आणि त्यांची बायको, वकीलकाकू. दोघांनीही कौतुकाने हो म्हटलं. चष्मेवाले काका पहिले एक-दोन दिवस दार उघडायला उठले. मग आतूनच ओरडायला लागले, "शाब्बास बटण, उद्या ये!" वकीलकाकू मात्र रोज दार उघडायच्या. तिच्या हातावर एक बिस्किट ठेवायच्या, गालाला हात लावायच्या आणि दार लावून घ्यायच्या. वकीलसाहेब गॅलरीत चहा पीत बसलेले असायचे, ते तिथूनच मान हलवायचे.

आणि मास्तर काय करायचा? तो तिचा आवाज सुधारायचा! "असं नाही, बटण. पाढा म्हणतेयस का? खरं वाटलं पाहिजे. आवाज थोडा रडवेला काढ. खरंच पडलेत, लवकर या, असं म्हण." आणि पोरगी शिकली की हो. अशी म्हणायची की माझ्या अंगावर काटा यायचा. मी तर त्या वेळी सरळ स्वयंपाकघरात निघून जायचे. मला नको तो खेळ. "तुला मरायची फार हौस आहे का रे मेल्या," मी आतून विचारायचे. बाहेर तो अजून पडलेलाच असायचा. खेळ संपवायचा एकच मार्ग होता. बटणने त्याच्या तळपायाला गुदगुल्या करायच्या. माणूस इतका गुदगुल्यांचा की बोट लागायच्या आधीच एक डोळा उघडायचा आणि हसत उठायचा.

वकीलसाहेबांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांना कपड्यांचं भारी वेड. एकदा त्यांच्या नव्या पँटवर मास्तरच्या चहाचा थेंब सांडला, हे त्यांना जिन्यातून दिसलं, तर ते असे धावत वर आले की पायातली एक चप्पल जिन्यातच राहिली. त्या दिवसापासून बटणला सक्त ताकीद होती, गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावायचा नाही. बापाच्या फोनला हात लावलास तर एक वेळ चालेल, पण कापडाला नाही. ती कधी लावायचीही नाही. हँगरखालून जाताना सुद्धा हात पाठीशी धरायची.

आता त्या दिवसाचं. मी यातलं अर्धंच पाहिलं. बाकीचं बटणने पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि काही शेजाऱ्यांनी, खाली माना घालून.

बटण शाळेतून आली. खाऊन झालं. मास्तर वकीलसाहेबांच्या नव्या काळ्या कोटाला बाह्या जोडत होता. सकाळीच अंगावर घालून बघून झाला होता, एक बाही पक्की झाली होती, दुसरी अजून कच्च्या टाक्यावर होती. त्याने कोट खिडकीजवळच्या हँगरला लावला, मशीनकडे वळला आणि पडला.

बटणला वाटलं, सराव. का वाटणार नाही? तीच जागा, तसाच आडवा. ती दप्तर ठेवून आली, गुडघ्यांवर बसली आणि खांदा हलवून म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय का?" मग डोळा उघडायची वाट बघत बसली. डोळा उघडेना. तिला वाटलं, आज बाबा जास्तच छान करतायत. मग तिने पायाला गुदगुल्या केल्या. एका पायाला, दुसऱ्या पायाला. मग दोन्ही हातांनी.

"मग मला कळलं, आत्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी दिवस त्यापुढचं सांगायला तयार नव्हती.

बापाचा फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात, आणि तो त्याच खिशावर पालथा. तिने त्याला कलंडवायचा प्रयत्न केला. तेवढा माणूस तिच्याने कुठला हलणार! मग तिने काय केलं? हाताला सवय लागलेली. तिने खडूची डबी उचलली, कानाला लावली आणि सांगितलं. आपलं नाव, बाबांचं नाव, इमारत, मजला, कोणतं दार, काय झालंय. एक शब्द चुकला नाही. पत्र्याच्या डबीला सगळं नीट सांगून झाल्यावर ती थोडा वेळ ऐकत राहिली.

मग ती समोरच्या दारावर गेली. दोन्ही मुठींनी दार ठोठावलं. "काका, बाबा पडलेत! खरंच पडलेत, लवकर या!" चष्मेवाले काका आतून ओरडले, "शाब्बास बटण, उद्या ये!"

ती जिना उतरून खाली गेली. वकीलकाकूंनी दार उघडलं. पोरगी रडत होती. "काकू, बाबा खरंच पडलेत, लवकर या." काकूंनी तिच्याकडे बघितलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, "अगं बाई, आज तर फारच छान केलंस!" तिच्या हातावर बिस्किट ठेवलं. गालाला हात लावला, तो ओला होता. आणि दार लावून घेतलं.

ओला गाल लागला हो हाताला! काकू स्वतःच मला हे सांगतात आणि तो हात पदराला पुसत राहतात. मी त्यांना काय म्हणू? पोरगी कधी खोटं बोलली नव्हती. तिने जे खरं ते सांगितलं. पण खऱ्यासारखं कसं बोलायचं हे आम्ही तिला रोज शिकवलं होतं, आणि ऐकून दार लावून घ्यायचं, हे शेजाऱ्यांचं रोज घोटून झालं होतं. पोरीचा अभ्यास झाला तसा त्यांचाही झाला.

ती बिस्किट घेऊन वर आली. बाप तसाच. आता यापुढे काय करायचं हे बाईंनी शिकवलं नव्हतं. दार उघडं ठेवायचं आणि जवळ बसायचं, एवढंच उरलं होतं. ती बसली नाही. तिने बिस्किट मशीनवर ठेवलं, स्टूल खिडकीशी ओढलं, वर चढली आणि वकीलसाहेबांचा कोट हँगरवरून काढून खिडकीबाहेर फेकून दिला.

इथून पुढचं मी पाहिलं. मी त्याच वेळी रस्त्यावरून येत होते, भाजीची पिशवी हातात. वर बघितलं तर काळा कोट दोन्ही हात पसरून खाली येतोय. पहिल्या मजल्यावर वकीलसाहेब चहाचा कप घेऊन बसलेले. कोट त्यांच्या नाकासमोरून गेला. त्यांनी झडप घातली, तर कच्च्या टाक्याची बाही टराटर उसवून त्यांच्या हातात राहिली आणि बाकीचा कोट माझ्या पुढ्यात, गाडी धुतलेल्या पाण्याच्या डबक्यात पडला.

"माझा कोट!" वकीलसाहेब असे ओरडले की रस्ता थांबला. "अहो मास्तर! कोण आहे वर? हा काय प्रकार आहे?" खुर्ची पडल्याचा आवाज आला, दार आपटलं, जिन्यात पावलं वाजली. त्यांच्या मागे काकू. वर चष्मेवाले काका आवाज ऐकून बाहेर आले. मी कोट उचलला आणि जमेल तेवढ्या वेगाने जिना चढले. मनात एकच, आज बटणच्या पाठीत धपाटा घालायचाच. फार लाडावलीय. वरून वकीलसाहेबांचा आवाज येत होता, "कुठे आहे ती पोरगी?"

आणि मग तो आवाज थांबला. मधेच. धपाटा विसरून मी उरलेल्या पायऱ्या चढले.

मी दारात पोहोचले तेव्हा वकीलसाहेब बाही हातात धरून उभे होते. चष्मेवाले काका उभे होते. काकूंनी तोंडावर हात दाबून धरला होता. मास्तर जमिनीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वास घरघरत होता. बटण त्याच्याजवळ बसली होती. दार उघडं होतं. तिने वर बघितलं, सगळ्यांकडे एकेकदा, आणि म्हणाली, "आता आलात?"

जाब विचारला नाही तिने. तक्रारही केली नाही. नुसती खात्री करून घेत होती, खरंच आलेत का म्हणून. आजही ते दोन शब्द आठवले की माझ्या हातातलं लाटणं थांबतं.

मग सगळं एकदम सुरू झालं. चष्मेवाल्या काकांनी फोन लावला, पत्ता सांगताना गोंधळले, आणि बटणने खाली बसूनच त्यांना मजला आणि दार सांगितलं. वकीलसाहेबांनी आणि मी मिळून मास्तरला कुशीवर वळवलं. डोक्याखाली घ्यायला काही दिसेना, तर मी हातातला तो भिजलेला कोट घडी करून ठेवला. वकीलसाहेबांनीच तो मानेखाली नीट सरकवला. अॅम्ब्युलन्स आली, त्याला खाली नेलं, मागोमाग मी निघाले, आणि निघताना मशीनवर ते बिस्किट दिसलं. कडसुद्धा कुरतडलेली नव्हती.

मेंदूत रक्ताची गुठळी, असं डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकावे लागले असते. भावजय कारखान्यातून आली ती हातात कामाचे मोजे तसेच घालून. काय झालं, कसं झालं, ते मी तिला सांगत गेले आणि ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि दार लावलं?" ती विचारायची. "उघडून बघितलं आणि लावलं?" मी हो म्हणायचे. ती पुन्हा विचारायची.

बटणला मी नंतर विचारलं, कोट का फेकलास गं? हात लावायचा नाही माहीत होतं ना? ती म्हणाली, "चहाचा थेंब पडला तेव्हा वकीलकाका धावत आले होते ना? म्हणून." मी तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

शाळेतल्या बाई दवाखान्यात आल्या. लहानशी पोरगीच आहे ती, माझ्या निम्म्या वयाची. मी तिला चार शब्द सुनवायचे ठरवून ठेवले होते. पण ती बाकावर बसून अशी रडली की मीच तिला पाणी आणून दिलं. तिचं काय चुकलं? तिने बरोबर तेच शिकवलं होतं.

मास्तर घरी आला. बोलणं जरा जड झालंय. डावा हात हळूहळू हलतो, डाव्या पायाला अजून काही कळत नाही. उजव्या हाताने खुणा करतो, कापतो, आणि मशीन चालवायला भावजय शिकतेय. वकीलसाहेबांच्या कोटाची बाही त्याने सगळ्यात आधी लावून घेतली. वकीलसाहेब तो कोट घालून कामाला जातात. पाण्याचा डाग पाठीवर पुसट दिसतो. धुलाईला द्या म्हटलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

मी त्याला आता मेल्या म्हणत नाही. तो शब्द तोंडातून गेलाच. त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, तो मुद्दाम मला चिडवून बघतो, पण नाही.

आणि परवा बटण म्हणाली, "सराव राहिलाय. बाई म्हणाल्यात, चालू ठेवायचा."

मला वाटलं, भावजय तिला गप्प करेल. पण मास्तरच काठी बाजूला ठेवून हळूहळू जमिनीवर आडवा झाला. "कर," तो म्हणाला. "पण या वेळी नीट ट्रायल घे."

बटणने खांदा हलवला. मग तिने डबी नाही, बापाचा खरा फोन घेतला आणि त्याच्यावर काय दाबायचं ते त्याला दाखवलं, लावला नाही. मग बाहेर जाऊन दारं ठोठावली. "बाबा पडलेत, लवकर या." आवाज साधाच, पाढा म्हटल्यासारखा. चष्मेवाले काका पहिल्या थापेला बाहेर आले. खालून वकीलसाहेब आणि काकू आले. मीही आतून आले, या खेळात पहिल्यांदाच. सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो.

बटण त्याच्या पायाशी बसली आणि डाव्या तळपायाला गुदगुल्या केल्या. काही नाही. पाय नुसता पडून राहिला. मास्तरचे डोळे बंद. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला माहीत होतं, त्या पायाला काही कळत नाही म्हणून. सगळं माहीत होतं. तरी मी ओरडणार होते.

"तो पाय झोपलाय," बटण म्हणाली आणि दुसऱ्या पायाकडे सरकली. बोट लागायच्या आधीच मास्तरने एक डोळा उघडला आणि वाकड्या तोंडाने हसला.

कोणी हसलं नाही. बटण उठली, आत गेली, बिस्किटांचा पुडा घेऊन आली आणि आम्हा प्रत्येकाच्या हातावर एकेक बिस्किट ठेवलं. वकीलकाकूंच्या गालाला तिने हात लावला. तो ओला होता.

"शाब्बास," ती म्हणाली. "उद्या पण या."